लेनीचा खांदा

...नाही, पण मी म्हणते, निदान दातांच्या डॉक्टरांनी तरी? तुम्हीच सांगा. माझ्या तोंडात हा एवढा कापसाचा बोळा, जीभ बधिर, जबडा वासलेला, डोळ्यांवर दिवा, आणि डॉक्टर हॅन्झेल माझ्या अक्कलदाढेला पकड लावून अगदी हळुवार आवाजात म्हणतात, "डोरीन, राग मानू नकोस, पण लेनीचा खांदा लवकर उघडतोय." काय बोलणार मी? "आँ" म्हटलं. त्यांना वाटलं, मला पटलं.

लेनी म्हणजे माझा नवरा. लेनी कुबियाक. हो, तोच, बेसबॉलवाला. मान अशी हलवू नका हो, सगळे अशीच हलवतात, आधी 'अरे वा' म्हणून वर आणि मग 'अरेरे' म्हणून खाली...

तुम्हाला सांगते, त्याच्या आदल्याच वर्षी ह्याच गावानं ह्याच माणसाला डोक्यावर घेतलं होतं. छोट्या लीगमधून उचलून थेट मोठ्या टीममध्ये आणला, पहिलाच सामना, एप्रिलची थंडी, सरोवरावरून असा वारा की बॉल टाकणाऱ्या पिचरच्या नाकातून पाणी, आणि ह्यानं आलेला पहिलाच बॉल असा हाणला की भिंतीवरून, धावफलकावरून, बाहेरच्या रस्त्यावर उभ्या गाडीच्या काचेतून थेट मागच्या सीटवर. गाडी कुणाची? व्हर्नन खाटकाची. चिडला असेल? छे, त्यानं काच बदललीच नाही. आख्खं वर्ष ती फुटकी काच मिरवत फिरला, पाऊस आत, बर्फ आत, बायको ओल्या सीटवर प्लास्टिक टाकून बसलेली, आणि कुणी विचारलं की हा छाती काढून, "लेनीनं फोडलीय."

मग काय, लागलाच सपाटा. डावखुरा पिचर आणा, उजवा आणा, लेनी बॉल कुंपणापार. बेकरीवाल्यानं जॅमच्या डोनटचं नाव 'लेनी' ठेवलं. बायका रांगेत उभ्या राहून सांगायच्या, "दोन लेनी द्या, एक बिनसाखरेचा." फादर कॅसिमिर, ज्यांचं प्रवचन ऐकताना म्हातारी माणसं दोनदा झोपून दोनदा उठायची, ते रविवारी सामना असला की देवाला आटोपतं घ्यायला लावायचे. वर्षाअखेर सगळ्यात चांगला नवा खेळाडू म्हणून चषक मिळाला, तो सासूबाईंनी त्यांच्या फ्रिजवर ठेवला, आणि फ्रिजचं दार उघडताना रोज वर बघून म्हणायच्या, "माझा लेन्या पाळण्यातसुद्धा हात फिरवायचा." आणि मी? खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचं. वाण्याकडे मला रांगेत पुढे घ्यायचे.

आणि दुसऱ्या वर्षी काय झालं? काहीच झालं नाही. हेच तर सांगते मी. पाय मोडला असता तर लोक फुलं घेऊन आले असते. पण मोडलं काहीच नव्हतं. फक्त कुठल्याशा गावातल्या कुठल्याशा पिचरला शोध लागला की ह्याला एक ठरावीक बॉल टाकायचा. सरळ छातीवर येतोय असं वाटायला लावायचं, आणि अगदी शेवटी, अंघोळीला बोलावलेल्या कुत्र्यासारखा तो बॉल खाली मान घालून बाजूला सटकतो. लेनी बॅट फिरवतो, तिथे नुसती हवा. त्या पिचरनं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि उन्हाळा लागेपर्यंत सगळ्या देशात तोच बॉल, तोच लेनी, तीच हवा.

मग सुरू झाले सल्ले. टीमचे मॅनेजर रस्क म्हणाले, पुढे सरकून उभा राहा. त्यांचा मदतनीस म्हणाला, मागे सरक. बिचारा ऐकून ऐकून असा उभा राहायला लागला की बघणाऱ्याला वाटावं, ह्याला कुणीतरी चुकून तिथे विसरून गेलंय. आणि गावानं तर निकालच देऊन टाकला. खांदा लवकर उघडतोय. म्हणजे म्हणे, बॅट फिरवताना पुढचा खांदा बॉल पोचायच्या आधीच बाहेर वळतो. मला काय कळतंय? पण गावात न कळणारा एकही नव्हता. लेनी चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला गेला, तर जाळीपलीकडून फादर कॅसिमिर म्हणाले, "देव क्षमा करील, बाळा. पण खांदा लवकर उघडतोय." सासूबाईंचा फोन आला, "सूनबाई, तू त्याला डाव्या कुशीवर झोपू देतेस का? खांदा तिथेच बिघडतोय." मी बाळंतीण झाले, अजून घाम पुसला नव्हता, नर्स पोरगी माझ्या हातात देऊन म्हणाली, "अभिनंदन. आणि ह्यांना सांगा, खांदा..." मी म्हटलं, बाई, आधी नाळ तरी कापा.

व्हर्नन खाटकानं मात्र काही सल्ला दिला नाही. त्यानं गाडीची काच बदलून घेतली. ते मला लागलं हो. डोनटही पुन्हा जॅमचा डोनट झाला होता, त्याचं काही नाही, पण ती काच...

पोरगी व्हायच्या आधीचीच गोष्ट. हा माणूस मला तळघरात घेऊन जायचा, आणि मी हे एवढं पोट घेऊन त्याला मोज्यांचे बोळे करून फेकायचे. मोजे! आणि सांगते काय, एक चुकायचा नाही. आडवा मोजा, तिरका मोजा, लोकरीचा मोजा, सगळे भिंतीवर फटाफट. "बघ डोरी, येतंय ना परत?" मी म्हणायचे, येतंय रे. दुपारी सामन्यात पुन्हा हवा. आता मोठ्या लीगमध्ये मोज्यानं खेळत नाहीत, त्याला मी काय करणार?

शेवटी व्हायचं तेच झालं. परत छोट्या लीगमध्ये धाडला, मक्याच्या शेतात वसवलेल्या एका गावात. मीही पोरीला घेऊन गेले. दुपारचा सामना, मैदानात माणसं कमी आणि माश्या जास्त, माझ्या मागे शेंगा खाणारा एक गृहस्थ पहिल्यापासून ओरडतोय, "कुबियाक, खांदा!" मी गप्प. एवढे महिने गप्प होते, तुम्हाला शप्पथ सांगते. दाढ उपटली तरी गप्प, सासूबाईंच्या फोनवर गप्प. लेनीचे दोन फटके हवेत गेले. अजून एक गेला की बाद. तो पुन्हा तसाच उभा राहिला, कुणीतरी चुकून विसरून गेल्यासारखा. मला वाटलं, ह्याला कसंही करून, कुणीतरी, काहीतरी... आणि मी पोरगी काखेत घेऊन ताडकन उभी राहिले, आणि माझ्याच तोंडातून निघालं, "लेनी, खांदा!"

तो थांबला. मागे वळून त्यानं बघितलं. मागचा गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, बाईसाहेबांनाही दिसतंय."

पुढच्या बॉलला लेनीनं बॅट उचललीच नाही. गेलेल्या बॉलकडे बघितलं, आणि चालत आत गेला.

परत येताना गाडी तो चालवत होता, मी पोरीला मांडीवर घेऊन शेजारी. मग म्हणाला, "खरंच उघडत होता का गं?"

मी म्हटलं, "लेनी, उघडलेला खांदा कसा दिसतो, हेच मला माहीत नाही."

त्यानं गाडी शेताच्या कडेला घेतली. हसायला लागला. स्टिअरिंगवर कपाळ टेकून असा हसतोय, असा हसतोय, की मीही हसायला लागले, आणि मग माझ्या लक्षात आलं की हसत एकटी मीच होते.

"डोरी," तो म्हणाला, "मला तो बॉल दिसतच नाही. शेवटी तो कुठे जातो, मला कधीच दिसलं नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"लोक खांदा म्हणत होते ना. म्हटलं, खांदा असला तर बरं. खांदा सुधारता येतो."

 पोरगी एकदा त्याच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करता येतं?

सोडलं त्यानं. आता माझ्या भावाबरोबर घरांची छपरं घालतो. झोप लागते, जेवतो, पोरीला खांद्यावर घेऊन फिरतो. मला वाटलं, चला, सुटलो. तर ह्या एप्रिलमध्ये टीमनं एक नवा पोरगा आणला. पहिल्या सामन्यापासून बॉल कुंपणापार. गाव वेडं. बेकरीवाल्यानं चेरीच्या केकला त्याचं नाव दिलं. लेनी सोफ्यावर बसून बघायचा. आणि परवा त्या पोरानं लागोपाठ तीनदा हवेत बॅट फिरवली. लेनी पुढे झुकला, डोळे बारीक केले, आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाला, "त्याचा गुडघा आधी वाकतोय."

मी काय करणार? टीव्ही बंद केला नाही, भांडले नाही. फक्त विचारलं, त्या पोराचं लग्न झालंय का?