चालू घड्याळ

ते न्हाय भाई, ते न्हाय. त्याच्या बाजूचं, हिरव्या तबकडीचं. डुप्लिकेटच पायजे, फर्स्ट कॉपी का काय म्हनता ना तुम्ही, ती. भाव मागनं कर. आधी सांग, हे असलं हिरवं तू इतक्यान कुनाला विकलंस? — बघ, लगेच तोंड बारीक झालं! आरे, मी पोलिस न्हाय. पोलिस काय हळदीच्या बाजाराची पिशवी घेऊन फिरतात? बाळाराम नाव माझं, वळ गावचा. रस्त्याला निळ्या पत्र्याची गोडावनं हायत ना, त्यातली दोन माझ्याच भातशेतीवर उभी हायत. चोरीचा माल शोधत फिरनारा मानूस न्हाय मी. म्हंजे — तोच शोधतोय, पन माझाच.

हे बघ, हे घड्याळ घरून आनलंय, घे हातान. चावत न्हाय ते. तुझ्या दुकानातलं हाय का सांग. घाई करू नको, नीट बघ, तवर मी सांगतो. आमचं ओरिजिनल जमिनीचे पैसे आले तवा घेतलेलं, मुंबईच्या शोरूमान, एसीन बसून, त्यांची कडू कॉफी पिऊन. रोज घालायचं न्हाय ते, हळदीला घालायचं. आमच्यान हळद लग्नापेक्षा मोठी — डीजे, मटन, आनि मनगट वर करून नाचायचं. चेन काय सगळ्यांच्याच गळ्यान असते, घड्याळ माझंच. हळद झाली की कपाटान, दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय. आनि कपाटान ठेवलं की दोन दिवसांन बंद. बिघडत न्हाय, त्याला सेलच नसतो, हाताच्या हलन्यावर चालतं ते. मग पुढच्या हळदीला काढायचं, तांब्यातलं पानी खळबळावं तसं हलवायचं, टाइम लावायचा, घालायचं. उद्या पुतन्याची हळद. सकाळी डबा उघडला, हलवाया गेलो — आनि हे चालू! टाइम पन बरोब्बर! मेलेल्या मानसानं उठून चहा मागावा तसं झालं मला. दुसरा खूश झाला असता, मी ओळखलं, आमचं कुनीतरी काढलं आनि हे डुप्लिकेट ठेवलं.

कपाटाची एक चावी माझ्याकडं, एक हौसाच्या, म्हंजे बायकोच्या, कमरेला. तिच्याकडची चावी पोरगा कधीपन मागून घेतो. मग कोन? धनेशच ना? दाढी राखलीय, बुलेट हाय, आता नवा मोबाइल, कुठून आला इचारलं तर बोलतो, स्कीमवर. स्कीम! दिली कानाखाली, मांडव घालनाऱ्या पोरांसमोर, पाहुन्यांसमोर. बोललो, चोरा, हळदीला दिसलास तर याद राख. गाडीची चावी घेतली आनि गेला. एक शब्द बोलला न्हाय. चोर नसता तर बोलला असता का न्हाय? तूच सांग. — तू पन घड्याळातच बघतोस. सगळे एका माळेचे मनी.

हां, उघड, मागचं झाकन उघड. — सेल! बटनाएवढा सेल! बघितलंस? मी बोललो ना डुप्लिकेट! आता धरतो त्याला आनि —

थांब जरा. सेल. शोरूमान मीच इचारलं होतं, याचा सेल कवा बदलायचा, तर हाच धनेश हसलेला माझ्यावर. बाबा, याला सेल नसतो. हलवायला त्यानंच शिकवलं मला. मग तो असलं सेलवालं आनून ठेवील, चालू? त्याला ठाऊक हाय ना, मी हलवनार. हे ज्यानं ठेवलं, त्यानं आमचं घड्याळ कधी हातान पन घेतलं नसनार. त्याला वाटलं, चालू असलं म्हंजे कुनाला संशय यायचा न्हाय. — न्हाय न्हाय, तरी तोच. पोरगाच तो. हा फोटो बघ, गेल्या हळदीचा. मधी काळ्या सदऱ्यान, गॉगल लावलेला. हाच आलेला ना? बोट ठेव. — नीट ठेव. बाजूला गेलं बोट तुझं. ती माझी बायको हाय.

ही? हौसा? आरे, ती एकटी भिवंडीला येत न्हाय, रिक्षावाला फसवील म्हनून. — एकटी नव्हती? संगती कोन, पोरगी? कसली पोरगी? हनुवटीवर तीळ?

विनिता. मुलगी माझी. म्हंजे होती. वडपे गावाच्या वर डोंगरान आदिवासींचा पाडा हाय, तिथल्या पोराशी लगीन केलं तिनं. भरत. आमच्याच गोडावनान माल उतरवायचा. पोरगा वाईट न्हाय — हे मी पहिल्यांदाच बोलतोय, कुनाला सांगू नको. गावान काय तोंड राहिलं असतं माझं? घरान तिचं नाव काढायचं न्हाय, हा माझा हुकूम. हौसा कधी बोलली न्हाय, कधी रडली न्हाय माझ्यासमोर. मला वाटलं, विसरली. ओरिजिनल कुठं दिलं तिनं, तुला? दुसरीकडं विकून आलेली? बरं. पैसे कशाला लागले काय बोलल्या का? दवाखाना? कुनाला काय झालं?

काय बोललास? परत सांग.

पोटुशी.

— या खुर्चीवर बसवलंस पोरीला? पंख्याखाली? पानी दिलंस ना? बरं केलंस भाई. बरं केलंस. डॉक्टरनं झोपूनच राहायला सांगितलंय, आनि ही तुझ्या दुकानापर्यंत आली, माझ्या डब्यान ठेवायला घड्याळ बघायला. कितवा चाललाय, काय बोलली का? — तुला कशाला सांगेल. तिच्या बापाला सांगितलं न्हाय तिनं.

न्हाय, दुसरं काय नको. झाकन लाव त्याचं. नवा सेल टाक, उद्या हळदीन बंद पडायला नको, मी हेच घालनार हाय. हौसा परत आली तर मी आलो नव्हतो. समजलं? आनि थांब, एक फोन लावतो. धनेशला सांगतो, बुलेट न्हाय, मोठी गाडी घे, पाड्यावर जा, तिला हळूहळू घेऊन ये. भरतला पन आन. बाबानं सांगितलं म्हनावं.

— वाजतोय.

उचलत न्हाय.

उचलत न्हाय तो. — तू काय बघतोस माझ्याकडं? गिऱ्हाईक बघ तुझं.