मासा नसलेलं तळं

सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरात कर्जतला वीजबिलाच्या रांगेत माझ्यापुढे दोघं उभी होती. एक कळंबच्या एका बंगल्याचा राखणदार मोरू, दुसरी तिथं झाडलोट करणारी ठाकरवाडीची आवडी.

"बघ आवडे, बिल निम्म्यावर आलंय. तुला दाखवायलाच आनलं."

"मला कुटं वाचता येतंय, मोरूदादा?"

"मी सांगतो ना. गेल्या साली बिल बघून बंगल्याचे शेठ म्हनाले, पवायचं तळं बुजवतो, तूबी घरी जा. सागाची पानं पडून पानी हिरवं व्हायचं, म्हनून मी पानी गाळायचा पंप दिवसरात चालू ठेवायचो."

"आन् मी जाळी टाकली तर वरडलास."

"मासे धरायला टाकलीस म्हनून वरडलो गं!"

"येवढं पानी बघून कुनालाबी वाटंल. तीनदा टाकली, नुसती पानंच आली."

"पन दुसऱ्या दिवशी पानी कसं निवळलं! आता तू रोज सकाळी पानं काढतेस, तर पंप दोन तास पुरतो. तुज्या जाळीनं माजी नोकरी राखली. शेठनीबी इचारलंय, तुला काय पायजे?"

"मला काय नको. त्यात चार मासे तेवढे सोडा म्हनावं."

"मासा जगायचा नाय. औषध असतं त्या पान्यात."

"अरं देवा! मंग त्यांची पोरं?"

"पोरं पवतात की."



"मोरूदादा, शेठला सांग, पोरांना आमच्या डोहावर पाठवा. तितं मासे हायत, आन् पंप लागत नाय."