डाव्या स्पीकरपाशी

दुरुस्तीच्या दुकानात माझा नंबर यायचा होता. माझ्या पुढच्या बाईंनी घरातले दोन स्पीकर तारांसकट उचलून आणले होते.

“काकू, दोन्ही स्पीकर ठणठणीत आहेत,” दुकानदार म्हणाला.

“मग मधोमध बसलं की गाणाऱ्याचा आवाज हरवतो कसा?”

“एकाच्या तारा उलट्या जोडल्यात. ह्याचा पडदा हवा पुढे ढकलतो, तेव्हा त्याचा मागे ओढतो. दोघं एकमेकांचा आवाज खातात. जोडल्या कुणी?”

“ह्यांनीच. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी म्हणायचे, आवाज पोकळ येतोय. तर म्हणायचे, तुझे कान तपासून घे.”

“त्यांना कधीच जाणवलं नाही?”

“ते डाव्या स्पीकरला खेटून बसायचे. ते गेल्यावर आत्ता कुठे मी मधे बसून ऐकलं.”

“एका कानाने कमी ऐकू यायचं का त्यांना? तशा माणसाला हा फरक कळत नाही.”

“छे हो, चांगले तिखट कान होते! बाहेर फाटक वाजलं की आधी त्यांना कळायचं. माझ्याच हाकेला तेवढी ओ देत नसत.”

“तुम्ही हाक कुठून मारायचात?”

“स्वयंपाकघरातून. त्यांच्या उजव्या हाताला. फाटक डावीकडे.”

दुकानदाराने हातातली तार खाली ठेवली.

“आठ-आठ दिवस अबोला धरलाय हो मी त्यावरून.”

“काकू, तारा सरळ करून देऊ ना?”

“द्या. पण आधी एकदा आहे तसंच लावा. मी उजवा कान बंद करून ऐकते.”