दुसऱ्या आवृत्तीतला नियम

– नाही नाही, तो हात हलवू नका, सुई सरकली की मशीन बोंबलत सुटेल. पुस्तक द्या माझ्याकडे, माझा डावा मोकळा आहे. डायलिसिसचा पहिलाच दिवस ना तुमचा? चार तास कसे काढायचे म्हणून आणलंत – बरं केलंत. बघू… हां, तिसरी आवृत्ती. वाटलंच मला. काय तो गुळगुळीत कागद, काय ती चित्रं, ड्रॅगनचे खवले एकेक मोजून घ्यावेत! हसताय काय? शिंपीण आहे मी, सगळा जन्म कपडे बेतण्यात गेला, पण हा खेळ मी चार वर्षं चालवलाय. याच खोलीत. खेळले नाही म्हणते मी – चालवला. सूत्रधार होते. बाकीच्यांनी आपापलं एकेक पात्र घ्यायचं, आणि मी सांगायचं की आता तुम्ही भुयारात आहात, समोर दार आहे, दाराआड कोणीतरी श्वास घेतंय – आणि त्या कोणीतरीचे फासे मी टाकायचे.

तुम्ही विचारत होतात, कुठली आवृत्ती चांगली. सांगते ना. वेळ आहे आपल्याकडे, वेळच आहे. पहिली म्हणजे चोपडी हो, अठ्ठेचाळीस पानं, मधे दोन पिना. चित्रं अशी की घोडा आणि गाढव ओळखू येऊ नये. पण नियम स्वच्छ. प्राण शून्यावर आले की माणूस मेला. बस. पात्राची माहिती लिहिलेला त्याचा कागद फाडायचा. आणि सूत्रधाराचे फासे आडोशाला – पुठ्ठा उभा करायचा पुढ्यात, त्यामागे फासा टाकायचा, मी म्हणेन तो आकडा. दुसरी जाडजूड, तीनशे पानं, आणि तिच्यात पुठ्ठा काढून टाकला. सगळे फासे सगळ्यांदेखत. आणि तुमच्या तिसरीत तर माणूस मरतच नाही म्हणे? बेशुद्ध पडतो, रात्रभर झोपतो, सकाळी उठून चालू लागतो. असू दे. छान आहे. मला दुसरी आवडत नाही – एवढंच सांगते आणि गप्प बसते.

गप्प कसली बसते. ऐका. तिघं होतो आम्ही. मी, एक ड्रायव्हरदादा – बसचे, हे असे खांदे, हसले की खुर्ची हलायची – आणि सर. भूगोल शिकवायचे, निवृत्त. पहिली आवृत्ती त्यांनीच आणली. सूत्रधार व्हायला मात्र तयार नाहीत, म्हणाले, ‘‘बाई, चाळीस वर्षं मुलांना सांगितलं कुठे काय आहे ते. आता मला कोणीतरी सांगा.’’ त्यांचं पात्र म्हणजे एक म्हातारा बुटका, कुऱ्हाडवाला. भुयारात शिरायचा आणि नकाशे काढायचा. नकाशे खरे हं! उजव्या हातात सुया, म्हणून सर डाव्या हाताने आलेखाच्या कागदावर काढायचे, आणि रेघ वाकडी गेली की स्वतःलाच रागवायचे. ड्रायव्हरदादांची तिरंदाज होती, मुलगी. का, तर म्हणे घरी तीन मुलगे आहेत, कंटाळा आला.

मग सरांचं हृदय बिघडलं. नव्या मूत्रपिंडाच्या यादीतून नाव काढलं त्यांचं – म्हणजे आता हेच, आठवड्यातून तीनदा, शेवटपर्यंत. पुढच्या खेपेला आले, वजन केलं, बसले, आणि सहज म्हणाले – पाणी मागावं इतक्या सहज – ‘‘बुटका आहे तोवर मी येतो. तो गेला की मीही सुटलो.’’ ड्रायव्हरदादा हसले. मीही हसले. पण मी ओळखते अशी माणसं. माझे वडील तसेच होते, एकदा बोलले की बोलले.

म्हणून मग – आता तुम्हाला काय लपवायचं, तुम्ही कोण, मी कोण – मी खोटं बोलायला लागले. पुठ्ठ्यामागे. वीस बाजूंचा तो फासा, आकडा जितका मोठा तितका घाव जबर; राक्षसाच्या वाट्याला अठरा पडले की मी म्हणायची सात. वीस पडले की म्हणायची तीन, हुकला, भिंतीला लागली त्याची गदा. सात महिने हो! अकरा वेळा मेला असता तो बुटका, अकरा वेळा मी त्याला ओढून काढला. आणि सर येत राहिले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मला वाटायचं, मीच त्यांना जिवंत ठेवलंय. मशीन नाही, डॉक्टर नाहीत – मी. चढली होती मला ती गोष्ट, खोटं कशाला बोलू.

पण भूगोलाचा मास्तर तो. सगळं वहीत टिपायचे. एक दिवस वही उघडली आणि ड्रायव्हरदादांसमोर, सिस्टरसमोर, सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘बाई, गेल्या दोनशे बारा फेकींत माझ्यावर एकदाही वीस पडलेला नाही. ड्रायव्हरसाहेबांवर नऊ वेळा पडलाय.’’ मी म्हटलं, नशीब. तर म्हणतात, ‘‘तुम्ही शिवता सुरेख, पण टाका दिसतो.’’ सिस्टर खुदकन हसली. माझं तोंड असं तापलं! अहो, तुमच्यासाठी केलं ना मी? आणि चारचौघांत चोर ठरवता? त्यांनी पिशवीतून दुसरी आवृत्ती काढली, कोरी, माझ्या मांडीवर ठेवली. ‘‘पूर्ण वाचून या. मंगळवारपासून उघड्यावर.’’

वाचली मी. दुकानात, शिलाईमशीनवर पाय ठेवून, पानन् पान. माझ्याइतकी कोणी वाचली नसेल.

मंगळवारी सिस्टरने स्टीलचा ट्रे दिला, फासे त्यात टाकायचे. भुयारात खोल पाण्याकाठी एक आंधळा राक्षस होता, मीच ठेवलेला, सोपा ठेवलेला. बुटक्याचे प्राण चार उरलेले. मी फासा टाकला. काय आवाज झाला त्या ट्रेमध्ये! आणि ड्रायव्हरदादा वाकून बघतात, पुन्हा वाकून बघतात. सर म्हणाले, ‘‘वाचा ना.’’ तर ते म्हणाले, ‘‘वीस.’’

सर माझ्याकडे बघत होते. म्हणाले, ‘‘आणखी काही नियम आहे का, बाई? बघा आठवून.’’

मी म्हटलं, नाही.

होता. होता हो नियम. पान एकशे चार, डाव्या अंगाला, चौकटीत – शेजारी उभा असलेला सोबती तो घाव स्वतःवर घेऊ शकतो. आणि तिरंदाज शेजारीच उभी होती. ड्रायव्हरदादांनी एका शब्दावर घेतला असता, इथे पाणी मोजून प्यायचं आम्हाला, तरी त्या माणसाने स्वतःच्या वाटणीचं पाणी प्यायला दिलं असतं कोणाला. पण पुस्तक मी एकटीनेच वाचलेलं. आणि मी म्हटलं, नाही. का म्हटलं? मी म्हणते सगळ्यांना – म्हणजे सगळ्यांना कुठे, स्वतःलाच – की त्यांच्या डोळ्यांत दिसलं मला, दमले होते, सोडा म्हणत होते. दिसलंही असेल. पण राग होता हो मला. तो टाका दिसतो म्हणालेले, ते घुसलं होतं आत. उघड्यावर पाहिजे ना? घ्या उघड्यावर! एक क्षणभर, बस. एका क्षणापुरता राग. आणि तोंडातून शब्द गेला.

त्यांनी बुटक्याचा कागद उभा फाडला, मग आडवा. म्हणाले, ‘‘ठीक झालं.’’ नकाशे ड्रायव्हरदादांना दिले. गुरुवारी खुर्ची रिकामी. फोन केला तर मुलगा म्हणाला, बाबा नको म्हणताहेत, डॉक्टरही समजावून थकले. शनिवारी डायलिसिस उरकून तशीच घरी गेले त्यांच्या. चेहरा सुजला होता, पण कसे म्हणू – निवांत. सुनेने सांगितलं, दोन दिवस मनसोक्त पाणी प्यायले, गटागटा, चार वर्षांनी. आणि आम्हाला वर्ज्य असलेली केळी खाल्ली, एका बैठकीत तीन. मी जवळ बसले. म्हटलं, सर, एक नियम होता, मी सांगितला नाही. डोळे उघडले त्यांनी. म्हणाले, ‘‘खिडकी जरा लावता का, ऊन येतंय.’’ मी लावली. वळून बघते तो झोपलेले. ऐकलं की नाही, कोण सांगणार? बुधवारी गेले.

ड्रायव्हरदादांनी पुस्तक मागून नेलं आठवण म्हणून. महिन्याने परत आणलं, माझ्या खुर्चीवर ठेवलं, त्या पानाशी उघडून, पालथं. वेळ बदलून घेतली त्यांनी, आता दुपारच्या पाळीला येतात. दारात कधी गाठ पडते. मी म्हणते, कसे आहात दादा? ते बूट बघतात माझे.

हे घ्या तुमचं पुस्तक. नाही, मी नाही चालवणार. दुसरं कोणी शोधा, त्या कोपऱ्यात कॉलेजच्या बाई येतात, त्यांना विचारा. ही तुमची खुर्ची? हो, सरांचीच. आधी सांगितलं असतं तर बसला असतात का तुम्ही?

काय म्हणालात? मी खरं सांगितलं असतं, तर सर गुरुवारीही आले –

सिस्टर! अहो सिस्टर, यांना जरा बघता का, पांढरे पडलेत हे. बोलायला देऊ नका त्यांना. आणि मधला पडदा ओढा.