एवढं ऊन आणि सगळं वाया

...नाही, उंच बुर्ज बघितला मी, सोन्याचा बाजार बघितला, चालून चालून गुडघ्यांची वाट लागली तो मॉलही बघितला, पण दुबई कशी आहे ते मला विचारू नका, कारण तुम्हाला सांगते, मी तिथे फक्त ऊन बघत होते! काय ऊन, बायांनो... खणखणीत! ढगाचा ठिपका नाही, झाडाची सावली नाही, आणि माणसं काय करतात? काचा लावून एसीत बसतात! एवढं ऊन आणि सगळं वाया!

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी उन्हासाठी दुबईला गेली की काय? अहो, मग कशाला! बोरिवलीत आमच्या बिल्डिंगसमोर बावीस माळ्यांचा टॉवर उभा राहिला, तेव्हापासून आमच्या गच्चीवर ऊन येतं अकराला आणि जातं साडेअकराला, तेही टाकीच्या पलीकडे. तेवढ्यात रुमाल वाळत नाही, साबुदाण्याच्या पापड्या काय वाळणार? आणि वैशाखात मानसीचं लग्न! मानसी म्हणजे माझ्या लेकाची लेक, पहिली नात. घरात चार लग्नं झाली, चारही रुखवतं माझ्या हातची. शाळेचं तोंड बघितलं नाही मी, पण कुठल्या रुखवतात किती पापड्या होत्या आणि कुठल्या जावेने नाक मुरडलं, विचारा, आत्ता सांगते! तर सून म्हणते कशी, "आई, आता कोण करत बसतं? ऑनलाइन मागवू ना!" ऑनलाइन! नातीच्या रुखवतात दुकानाची पापडी? तेवढ्यात दुबईहून लेकीचा, दर्शनाचा, फोन. "ये गं आई चार दिवस. फक्त इथे ऊन फार आहे हं..." झालं! बॅगेत साड्या दोन आणि साबुदाणा एक किलो!

पहिल्याच सकाळी साबुदाणा शिजवला, बाल्कनीत प्लास्टिक अंथरलं, मोजून शंभर पापड्या घातल्या. दहा मिनिटांत बेल! वॉचमन. तिथला वॉचमनही टाय लावतो. "अम्मा, बाल्कनी में कुछ सुखाना मना है, फाइन लगेगा." म्हटलं, "सूरज क्या तुम्हारे बिल्डिंगवाले का है?" तो हसला, पण दारातून हलला नाही. जावई आमचा हर्षद, एक नंबरचा घाबरट. "आई, उगाच तक्रार नको हो, माझी नोकरी आहे इथे!" मग काय, प्लास्टिकसकट सगळं हॉलमध्ये, पंख्याखाली. दुसऱ्या दिवशी हात लावते तर ओल्या चामड्यासारख्या लिबलिबीत. अजून एक दिवस गेला की आंबल्याच! आणि ही दोघं मला नेतात कुठे? बर्फात! खरंच! मॉलच्या आत बर्फ केलाय आणि लोक पैसे देऊन, लोकरीचे कोट घालून त्यावरून घसरतायत... बाहेर एवढं ऊन आणि सगळं वाया!

मग त्या बुर्जावर. सगळे फोटो काढतायत, मी खाली बघते तर गच्च्याच गच्च्या... सपाट, कोरड्या, आणि एकीवरही वाळवणाची चादर नाही! डोळ्यांत पाणीच आलं हो. हर्षदला वाटलं, उंचीने चक्कर आली.

तिसऱ्या दिवशी वाळवंट. "आई, पिशवीत काय एवढं?" म्हटलं, "औषधं." गाडी टेकाडावरून उड्या मारतेय, दर्शना किंचाळतेय, मी पिशवी तान्ह्या पोरासारखी पोटाशी धरलेली. गाडी थांबली तशी उतरले, जुनी साडी पसरली, चार कोपऱ्यांवर चार चपला, दोन माझ्या, दोन दर्शनाच्या. सत्त्याण्णव पापड्या मांडल्या. तीन गाडीतच फाटल्या होत्या. आणि बसले राखणीला. लहानपणी गावी हेच काम माझं, कावळे हाकायचं. इथे मेला एक कावळा नाही, म्हणून जरा बेसावध राहिले, तर मागून ही लांब मान... उंट! कुर्रुम, कुर्रुम! "हाड! मेल्या, नातीचं रुखवत आहे ते!" त्याला कुठली मराठी कळायला! अकरा खाल्ल्या. आणि तुम्हाला सांगते, तो घाबरट हर्षद धावत आला, दोन्ही हात पसरून उंटापुढे उभा! "आई, तुम्ही पापड्या उलटवा, याला मी बघतो!" लग्नाला बारा वर्षं झाली, जावई मला त्या दिवशी पसंत पडला.

दोन तासांत पापड्या काचेसारख्या खणखण वाजायला लागल्या!

रुखवतात मधोमध मांडल्या, शहाऐंशी. दोन तळून नवऱ्या मुलाच्या आत्याला दिल्या. तिने एक तोंडात टाकली आणि थांबली. "आजी, वाळू लागतेय का हो जरा?" म्हटलं, "लागणारच. तुमच्या टॉवरने माझं ऊन खाल्लं, थोडी वाळू तुम्हीही खा!" हो, मुलाकडचे राहतात कुठे? त्याच टॉवरात! विसाव्या माळ्यावर! सगळा मांडव हसला, आत्या सगळ्यांत जास्त, आणि हसता हसता दुसरीही खाल्ली.

आता माझं सगळं ऊन मानसीच्या हॉलमध्ये पडतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी हरखले. साबुदाणा भिजवला, म्हटलं शिजवू तिथेच, पातेलं घेऊन लिफ्टने वर गेले. दार उघडलं तर आत काळोख! पडदे ओढलेले, एसी चालू, आणि मानसी म्हणते, "आजी, दार लाव ना पटकन, ऊन येतं गं!"

एवढं ऊन... जाऊ दे. पातेलं घेऊन आले खाली. या, खिचडी खाऊन जा.