चौथं चाक

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा मी लवकर सोडली, शब्दही साधेच येतात. मी लोकांच्या दारात जाऊन गाड्या धुतो. एका घरच्या काकू गाडीच्या अलॉय, म्हणजे चकचकीत धातूच्या, चाकाजवळ उभ्या राहून माझ्याशी जे बोलल्या ते त्यांच्याच तोंडचं लिहितो.

— नाही नाही, तो शाम्पू ठेव बाजूला. ही बाटली घे. हो, संडासाचंच ॲसिड आहे, वास बरोबर ओळखलास. आणि चाक गार होईपर्यंत थांबायचं नाही — मुद्दाम लांबून फिरवून आणलीय गाडी, ब्रेक दाबत दाबत. चालवायला मी शिकले तीच ह्यांच्या झटक्यानंतर, आधी किल्लीलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. बघ हात लावून. भाजलं? छान. मार आता फवारा. डाग पडतील? अरे, तापल्या चाकावर हे उडालं की पांढरे चट्टे उठतात आणि जन्मात जात नाहीत — हे मला कुणी शिकवलं? त्या वरच्या खिडकीतल्या माणसानं. बघ की वर, लाजतोस काय! आमचे हे. नमस्कार नको करूस, त्यांना परत करता येत नाही. एक बाजू गेली, वाचा गेली, डोळे तेवढे शाबूत. पलंग मीच खिडकीशी सरकवून घेतला. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीचं काहीतरी नजरेसमोर असू द्या. मग? दाखवतेच आहे की!

दर रविवारी हाच सोहळा असायचा. चाकांची बादली वेगळी, गाडीची वेगळी — सरमिसळ झाली की घर डोक्यावर. ब्रेकची ती काळी धूळ असते ना, ती दात घासायच्या मऊ ब्रशनं काढायचे, नटांच्या खोबणीत काडीला कापूस लावून फिरवायचे. मी शेजारी पाण्याचा मग धरून उभी, खांबासारखी. मला ताप असला तर कधी हात लावून बघितला नाही, पण चाक गार झालं का ते बघायला पालथा हात टेकवायचे — असा, अगदी हळू, लेकराच्या कपाळावर टेकवावा तसा. एकदा चाकाचं फडकं मी चुकून ओट्याला वापरलं... हस, हस, आता मलाही हसू येतं. त्या दिवशी मात्र कानात कितीतरी वेळ शिट्टी वाजत होती.

थांबलास का? दुसरं घे, गार होतायत. हं — कसं फसफसतंय बघ! आणि वर बघ, ओठ कसा ओढला गेलाय एका बाजूला. इतके दिवस तो व्यायाम घेणारा येतोय, त्याला जमलं नाही ते आपण करून दाखवलं!

मुलगी होती आम्हाला. — तू घास, तुझं चालू दे. म्हणजे, झाली असती. त्या दिवशी ह्यांनी चाकांना नवीन कोटिंग चढवलं होतं. तुला ठाऊकच आहे, पुरतं वाळेपर्यंत पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. आणि बाहेर धो धो पाऊस. मी जिन्यावर बसलेली, कळा सुरू झालेल्या, साडी भिजलेली, दिवस भरायचे होते अजून — आणि हे म्हणतात, 'आत्ता गाडी काढली तर कोटिंग जाईल, टॅक्सी बोलावतो.' आली टॅक्सी. यायची तेव्हा आली. बाळाला मी धड पाहिलंही नाही, कापडात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं. आणि घरी परतल्यावर ह्यांनी आधी काय केलं असेल? सांग ना? गॅरेजचा दिवा लावला. वाकून वाकून बघितलं आणि म्हणाले, 'छान बसलंय.' डोळ्यात टिपूस नाही. सासूबाई म्हणाल्या, पुरुषमाणूस आहे, आतल्या आत रडत असेल. मीही तेच धरून बसले, इतकी वर्षं — आतल्या आत, आतल्या आत — स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, रात्री त्यांच्याकडे पाठ करून...

हे मी तुला कशाला सांगतेय? ह्यातलं कुणापाशी बोलले नव्हते मी. सख्ख्या बहिणीपाशीसुद्धा नाही. असा काय बघतोस? कीव येते माझी? वरच्याची येते? ज्याची यायची त्याची येऊ दे, पण हात चालव. झालं तिसरं? बास. चौथं उद्या. सगळं आजच संपवलं तर बिचाऱ्यांनी उद्या काय बघायचं? आणि यायचं नसेल तर नको येऊस, बाटली मलाही दाबता येते. ऊठ. जा. जा म्हटलं ना!

माझ्यामागं फाटकाची कडी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तो काकूंना नाही म्हणायला. पिशवीत माझा शाम्पू आणि माझं मऊ फडकं होतं. उरलेलं चाक तरी नीट धुऊन द्यावं, असं मनात होतं. गाडी तापून उभी होती, काकू फाटकाशी. मी वर पाहिलं. खिडकीतल्या माणसाच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं, काकूंकडे बघून रडतोय. म्हणून मी त्याची नजर कुठं आहे ते शोधलं. ती चौथ्या चाकावर होती.

मी शाम्पू पिशवीत परत ठेवला आणि बाटलीसाठी काकूंपुढे हात केला.