बोरवंड फाट्यावरच्या फोटोची निगेटिव्ह

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे बोरवंड, ता. गेवराई, जि. बीड
दिनांक २२ नोव्हेंबर २००४, वेळ सकाळी ११.१०

नाव बसवेश वैजिनाथ मिटकरी, वय २३ वर्षं, धंदा फोटोग्राफी, शिक्षण बी.एस्सी. दुसऱ्या वर्षापर्यंत, शाळा औरंगाबादला इंग्रजी माध्यमात, राहणार मिटकरी फोटो स्टुडिओच्या वर, बाजारपेठ, बोरवंड.

मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपण होऊन ठाण्यात आलो आणि समक्ष सांगतो ते असं की,

वरच्या पत्त्यावर मी आई-वडील आणि चुलते मृत्युंजय मिटकरी यांच्यासोबत राहतो. स्टुडिओ काकांचा आहे. या ठाण्याच्या पंचनाम्यांचे फोटो बावीस वर्षं काकाच काढतात. त्यांच्याकडं १२० च्या रोलचा जुना कॅमेरा आहे. एका रोलात बारा फोटो येतात आणि निगेटिव्ह सव्वादोन इंच चौरस, मोठी असते.

दि. ११ जानेवारी २००३ रोजी सकाळी सातच्या सुमारास बोरवंड फाट्याजवळ वाळूच्या टिपरची धडक बसून सटवा धोंडिबा खरात, वय ४१, हे मयत झाले. ते दुधाची किटली घेऊन पायी डेअरीकडं निघाले होते. त्यांना मी ओळखत होतो. आमच्या घरी दूध तेच घालायचे. टिपरचालकाचं म्हणणं असं की सटवा हे अचानक डांबरी रस्त्याच्या मधोमध आले.

फोटोसाठी ठाण्यातून काकांना निरोप आला. मी सोबत गेलो. त्या आठवड्यात माझ्याकडं ऑर्बिना या परदेशी कंपनीची डिजिटल बॅक, ती बसवलेल्या कॅमेऱ्यासकट, दाखवण्यासाठी आलेली होती. मी कंपनीला इंग्रजीत सात-आठ पत्रं लिहिली होती, त्यावरून त्यांचे पुण्याचे प्रतिनिधी ती पंधरा दिवसांसाठी ठेवून गेले होते. ही बॅक मोठ्या कॅमेऱ्याच्या मागं रोलच्या जागी बसते. साध्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर नखाएवढा असतो, हिच्यात काडेपेटीएवढा. त्यामुळं ढेकळाचा कण न् कण वेगळा दिसतो, सावलीतलंसुद्धा — अंमलदारांनी मुद्द्याचं सांगायला सांगितलं.

मुद्दा असा की फाट्यावर काकांच्या गळ्यात त्यांचा कॅमेरा होता आणि आत नवा रोल होता. मी त्यांना लोकांसमोर म्हणालो, "काका, तुमचा डबा आता म्युझियमला द्या. पाच वर्षांत रोल बघायला पण मिळणार नाही." लोक हसले. काका म्हणाले, "बरं बाबा, काढ तू." त्यांनी लेन्सवर टोपण घातलं आणि बाजूला बाभळीखाली जाऊन बसले. त्यांनी त्या दिवशी एकही फोटो काढला नाही.

रस्त्याच्या डाव्या बाजूला पाटाचं पाणी झिरपून माती ओली होती. टिपरची डाव्या अंगाची चाकं डांबर सोडून त्या मातीत उतरली होती. खुणा ताज्या होत्या आणि नक्षी साफ उमटली होती. सटवा यांची एक चप्पल आणि किटलीचं झाकण त्या खुणेच्या पलीकडं, शेताच्या बाजूला पडलेलं होतं. डांबरावर काहीच नव्हतं.

तेव्हाचे जमादार माप घेण्यासाठी टेप शोधत होते. मी म्हणालो, "साहेब, टेप कशाला? सगळं फोटोत येतंय. मागनं कॉम्प्युटरवर इंचा-इंचानं मोजू." म्हणून पंचनाम्यात 'चाकांच्या खुणा फोटोप्रमाणे' एवढंच लिहिलं गेलं. ही चूक माझी आहे. जमादारांची नाही.

काका मात्र बाभळीखालून उठून आले आणि म्हणाले, "शेजारी काही माप तरी ठेव बे. नुसती माती काढून काय कळणार हाय?" त्यांनी स्वतःच्या लाकडी ट्रायपॉडचा एक पाय पूर्ण उघडून जमिनीवर आडवा ठेवला. एक टोक डांबराच्या कडेला टेकवलं. दुसरं टोक बरोबर चाकाच्या खुणेच्या जवळच्या कडेला लागलं. तसा मी फोटो घेतला.

फोटोची मोठी प्रिंट प्रतिनिधींनी पुण्याहून पाठवली. ती कोर्टाच्या कागदांत आहे. प्रिंट आली तेव्हा मी ती बाजारपेठेत दहा-पंधरा जणांना दाखवली. सटवा यांच्या घरी दाखवली नाही.

यंदा जुलैच्या तारखेला आरोपीच्या वकिलांनी सांगितलं की कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रात खुणा कुठंही सरकवता येतात, मूळ निगेटिव्ह हजर करा. कोर्टानं २५ नोव्हेंबरची तारीख दिली. निगेटिव्ह मुळात नाही. फाइल आहे, ती माझ्याजवळ सीडीवर आहे. पण ती ऑर्बिनाच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या मागं कंपनीची किल्ली लावल्याशिवाय चालू होत नाही. किल्ली प्रतिनिधी बॅकसोबत घेऊन गेले. मी गेवराईच्या नेट कॅफेतून कंपनीला अकरा ई-मेल केले. नऊ परत आले. दहाव्याचं उत्तर आलं की ऑर्बिना मार्चमध्ये बंद झाली, दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, पण त्यांनी फक्त लेन्सचा कारखाना घेतला, बॅक आणि सॉफ्टवेअर सोडून दिलं. पुण्याच्या प्रतिनिधींचा फोन आता एक झेरॉक्सवाला उचलतो.

अंमलदारांनी विचारलं की मग हे डिजिटल खोटं का? मी सांगितलं की खोटं नाही. रोल जाणार आणि मोठे सेन्सर येणार, हे मी आजही म्हणतो. पण हे कॅमेरे बनवणारे थोडे, वर्षाला मोजकेच नग करतात आणि प्रत्येकाचं कुलूप वेगळं. एक बसला की त्याच्या फायली आतच राहतात. ज्याची फाइल दुसऱ्यालाही उघडता येईल तोच पुढं टिकेल. अंमलदार म्हणाले, "हे कशाला लिहू? कंपनीवर गुन्हा नोंदवायचा का?" मी लिहायची विनंती केली म्हणून लिहिलं आहे.

आता ज्यासाठी आलो ते सांगतो. दि. १७ ऑगस्ट २००४ रोजी काका कपिलधारला गेलेले असताना मी पुण्याहून आलेल्या प्रिंटची माझ्याकडची दुसरी प्रत स्टुडिओच्या भिंतीवर टाचण्यांनी लावली आणि काकांच्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो घेतला. जुना फाटका फोटो नवा करताना आम्ही नेहमी असंच करतो, त्याला कॉपी निगेटिव्ह म्हणतात. कॅमेऱ्यात काकांचा शाळेच्या ग्रुप फोटोंचा रोल होता. त्यातला दहावा फोटो मी वापरला. रोल मीच धुतला आणि दहावी निगेटिव्ह कापून वेगळी ठेवली. कॉपी अगदी साफ आली होती. २५ तारखेला तीच मूळ निगेटिव्ह म्हणून द्यायची, असं मी ठरवलं होतं. हे मला कोणी सुचवलेलं नाही. मयताची पत्नी दगडाबाई यांना यातलं काही माहीत नव्हतं.

परवा, दि. २० रोजी, शाळेनं ग्रुप फोटोच्या जादा प्रती मागितल्या. काकांनी पाकीट काढून निगेटिव्ह मोजल्या. मला हाक मारली.

"बाराचा रोल. अकरा कावून?"

मी म्हणालो, "एक खराब झाली."

"खराब झाली तरी निगेटिव्ह ऱ्हाती की. उडून गेली का?"

मी निगेटिव्ह काढून दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ बघितली. कोपऱ्यातल्या टाचणीवर बोट ठेवलं. ती मला दिसलीच नव्हती.

काका म्हणाले, "बावीस वर्सं कोर्टात निगेटिव्ह देतोय. खरी का खोटी, एका वकिलानं इचारलं न्हाई. ही दिलीस तर उद्यापासून समद्यांचं इचारतील. मागच्यांचं बी." नंतर ते जेवायला गेले.

काल, दि. २१ रोजी दुपारी दगडाबाई स्टुडिओत आल्या. त्यांची टोळी दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली. या तारखेसाठी त्या एकट्या मागं राहिल्या आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. कॉपीचंही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मंजे खरा फोटू ह्या चकतीत हाय?"

मी म्हणालो, "हाय मावशी. पण उघडत नाही."

त्यांनी सीडी हातात घेतली आणि काका निगेटिव्ह धरतात तशी दारातल्या उजेडात धरली. इकडून तिकडून फिरवून बघितली.

"ह्यात तर माजंच तोंड दिसतंय रं."

काका म्हणाले, "बाई, बसा. चहा घ्या." त्या बसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू व्हतास ना तितं?"

"होतो."

"डोळं उगडं व्हतं?"

"होते."

"मंग तुज्या तोंडानं सांग की. फोटूचं काय घिऊन बसलास. तुला यवडं शिकवलंय तुज्या बापानं."

सीडी त्यांनी पदरानं पुसून परत दिली.

म्हणून आज मी कॉपी निगेटिव्ह, सीडी आणि ट्रायपॉड या तीन वस्तू ठाण्यात जमा करत आहे. ट्रायपॉड तोच आहे. त्याच्या मधल्या सांध्याला काकांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे, ती प्रिंटमध्येही दिसते. आज ठाण्यातल्या टेपनं पूर्ण उघडलेला पाय मोजला. चार फूट सहा इंच भरला.

मी स्वतः बघितलं आहे की टिपरची चाकं डांबर सोडून साडेचार फूट आत आली होती, आणि सटवा त्याच्याही पलीकडं होते. ते रस्त्यावर आले नव्हते. टिपर त्यांच्यावर गेला होता. हे मी कोर्टात फोटोशिवाय सांगेन. काकाही त्यांचा जबाब वेगळा देणार आहेत, ते बाहेर बाकावर बसलेले आहेत. कॉपी निगेटिव्हबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

जबाब अंमलदारांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी त्यात 'अंदाजे साडेचार फूट' असं लिहिलं होतं. तसं लिहायची रीत आहे, असं ते म्हणाले. 'अंदाजे' हा शब्द मी खोडायला सांगितला आणि शेजारी सही केली. बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणं बरोबर लिहिलेलं आहे.

समक्ष,
ठाणे अंमलदार, बोरवंड

(सही)
बसवेश वैजिनाथ मिटकरी